सशाने भरवलेली खिचडी

शेंगदाण्याचा एक दाणा माझ्या मुलीचा जीव घेऊ शकतो, हे आम्हाला ती तीन वर्षांची असताना कळलं. एका बारशाला कुणीतरी कौतुकाने तिच्या तोंडात चिक्कीचा तुकडा घातला. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. त्या दिवशी ती वाचली. तेव्हापासून मी मात्र कुठल्याही पंगतीत धड जेवलेली नाही. माझं सगळं लक्ष तिच्या ताटात असतं.

आता मला सांगा, आपल्याकडे शेंगदाणा कुठे नसतो? पोह्यांत असतो, कोशिंबिरीत असतो, भरल्या वांग्यात असतो, आणि जिथे दिसत नाही तिथे कूट होऊन बसलेला असतो. सुरुवातीला मी जाईन तिथे सगळ्यांना समजावून सांगायचे. नणंद हसून म्हणायची, "दाण्यांनी कोणी मरतं का? आम्ही फ्रॉकचे खिसे भरभरून खाल्लेत." एका शहाण्या बाईंनी तर "रोज चिमूटभर देत जा, सवय होईल" असा सल्ला दिला. सासूबाईंची चिंता वेगळीच होती. मुलीची जात आहे, गावभर सांगत फिरू नकोस, उद्या लग्नाच्या वेळी काढतील. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते. पण हळूहळू सांगायचं मीही बंद केलं. सांगून काही उपयोग होत नव्हता आणि वर लोक माझ्याकडे नाटकी बाई म्हणून बघत होते.

मग मला एक युक्ती सापडली. आम्ही उल्हासनगर कॅम्प चारला राहतो. शेजारची सिंधी आंटी प्रेमळ आणि खाऊ घालण्याच्या बाबतीत भलतीच हट्टी. एकदा ती बशीभर काजू-शेंगदाण्याचं काहीतरी घेऊन दारात उभी राहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आंटी, आज इसका उपवास है." आंटीने बशी लगेच मागे घेतली. "अच्छा, व्रत है? तो केला खा ले बेटा." एक प्रश्न नाही, एक टोमणा नाही! आजाराला जो मान मिळत नव्हता तो उपवासाला एका फटक्यात मिळाला. त्यानंतर मी ते वाक्य लेकीलाच शिकवलं. मी जवळ नसताना कुणी काही दिलं तर म्हणायचं, माझा उपवास आहे. वाढदिवस, शाळेची सहल, बिल्डिंगचा गणपती, सगळीकडे तीन वर्षं ते चाललं. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटायचं. खोटं कशाला बोलू?

ती सात वर्षांची झाली त्या वर्षी माझ्या नवऱ्याला त्याच्या अंबरनाथच्या कारखान्यातून एका थीम पार्कची कुपनं मिळाली. पार्क बदलापूरच्या पुढे. सकाळी तिथे नाश्त्याचा बुफे असतो आणि त्यात माणसाएवढे कार्टून टेबलाटेबलावर येऊन मुलांशी खेळतात, त्यांना घास भरवतात. घास भरवतात हे वाचलं तेव्हाच मी कुपनं बाजूला ठेवली. मी नको म्हणत होते. पण लेक आठ दिवस झोपेतसुद्धा सशाशी बोलत होती. शेवटी पर्समध्ये औषधाचा डबा घेतला आणि निघालो. त्या डब्यात डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनची काचेची कुपी आणि सिरिंज असते. सिरिंजवर त्यांनी पेनाने खूण करून दिली होती, इथपर्यंत भरायचं आणि मांडीत टोचायचं. मी मोसंबीवर सराव केला होता. माणसावर कधीच नाही.

गर्दी नको म्हणून आम्ही मंगळवार निवडला होता. हॉल मोठा, रंगीत, गाणी कानठळ्या बसवणारी. इडली, डोसे, पोहे, ऑम्लेट, मधात बुडवलेले पॅनकेक. पोह्यांवर दाणे दिसले तसं मी ते टेबल सोडून पलीकडे बसायला लावलं, जणू दाणे उडी मारून येणार होते. नवरा म्हणाला, "अगं, जरा बस की शांत. तिला मजा करू दे." आणि ती मजा करत होती, हे मला कबूल केलं पाहिजे. हत्तीबरोबर नाचली. अस्वलाच्या पोटावर डोकं टेकवून उभी राहिली. मग पांढरा ससा आला, तेव्हा तिने त्याला अशी मिठी मारली की माझे डोळे भरून आले. इतर पोरांसारखी ती पहिल्यांदाच दिसत होती.

सशाने तिच्यापुढे पॅनकेकचा तुकडा धरला. माझा हात पुढे गेलाच होता, तेवढ्यात ती ठसक्यात म्हणाली, "माझा उपवास आहे." सशाने दोन्ही हात गालांवर ठेवले, मान डोलावली आणि निघून गेला. मी सुटकेचा श्वास सोडला. आता पंधरा-वीस मिनिटं तरी कुणी येणार नाही, असा हिशेब केला. नवऱ्याला म्हटलं, हिच्याकडे बघ, आणि तिच्यासाठी डोसा आणायला गेले. तो माझ्या डोळ्यांसमोर तव्यावर घालून घ्यायचा होता, चटणीचा चमचा लागू न देता.

डोसा उलटला जात असताना मी मागे वळून पाहिलं. ससा परत आमच्या टेबलाशी होता. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात चमचा. लेकीचं तोंड उघडं होतं. नवरा मोबाइलवर शूटिंग करत हसत होता.

मी धावले. वाटेत कुणाची तरी खुर्ची पाडली. डब्यात काय आहे ते दुरूनच कळलं. साबुदाण्याची खिचडी! उपवासाला आपण काय खातो, हे मी, पंधरा वर्षं संसार केलेली बाई, विसरले होते. आंटीच्या घरी उपवासाला केळं मिळायचं. इथे माझ्यासारखंच मराठी घरातलं कुणीतरी होतं आणि त्या माणसाने पोर उपाशी राहील म्हणून कूट घातलेली खिचडी आणली होती. आमच्या घरात ती कधी शिजलेलीच नसल्यामुळे लेकीला ती ओळखता आली नाही.

"किती खाल्लीस?" मी ओरडले. तिने घाबरून दोन बोटं दाखवली. "उपवासाचंच आहे मम्मी, ससा म्हणाला." आणि ती ओठ खाजवायला लागली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. तिची मान लाल झाली. ती खोकली, परत खोकली, मग तिला खोकताही येईना. कुपीचं तोंड मोडताना माझं बोट कापलं. सिरिंज भरताना खूणच दिसेना. मला वाटलं, माझ्या हातून उशीर होणार, ही माझ्या डोळ्यांदेखत जाणार आणि गाणं चालूच राहणार. नवऱ्याने तिचा पाय घट्ट धरला. मी लेगिंग्जवरूनच सुई खुपसली. मोसंबी ओरडत नाही, ती ओरडली. त्या ओरडण्याने मला धीर आला, कारण ओरडायला श्वास लागतो.

मॅनेजर धावत आला. मी त्याच्यावर तुटून पडले. तुमच्या माणसाने न विचारता माझ्या मुलीला भरवलं, तिला काही झालं तर एकेकाला बघून घेईन. ससा बाजूला उभा होता. त्याने डोकं काढलं तेव्हा आतून घामाने निथळणारी, माझ्याच वयाची एक बाई निघाली. तिच्या गळ्यात काळी पोत होती. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बदलापूरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत लेकीचा श्वास थोडा मोकळा झाला होता. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं, आणखी औषधं दिली आणि संध्याकाळपर्यंत हलायचं नाही म्हणून सांगितलं. हा त्रास परत उसळू शकतो, हे मला माहीत होतं. मी तिच्या छातीवरची नजर हलवली नाही. छाती वर जायची, खाली यायची, आणि पुन्हा वर जाईपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा.

दुपारी ती बाई दवाखान्यात आली. साडी नेसलेली, पण पायात अजून सशाचे पांढरे बूट. हातात तोच स्टीलचा डबा.

"डाक्टरांना दाखवाला आनलाय," ती दारातूनच म्हणाली. "काय काय घातलाय त्यांना कललं तर बरा."

ती जवळच्याच जांभूळ गावची. त्या दिवशी अंगारकी होती. मला त्याची आठवणही नव्हती. खिचडी तिची स्वतःची होती. चंद्र दिसेपर्यंत तिला तेवढीच होती. एवढीशी पोर अंगारकी करते म्हणून तिला भरून आलं आणि तिने अर्धा डबा देऊ केला. कामावरून तिला घरी बसायला सांगितलं होतं, हे तिने मी विचारल्यावर सांगितलं.

"पोरीनं सांगलं उपास हाय. मना काय ठाव, ताई?"

तेव्हा खाटेवरून सुजलेल्या ओठांनी लेक म्हणाली, "माझा उपवास नव्हता. मम्मीने सांगितलंय तसं म्हणायचं."

बाई माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी ते परक्या माणसाला सांगितलं. "माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. खाल्ला तर ती मरू शकते." म्हणताना मी वाट बघत होते, ही आता हसेल, नाहीतर सवय लावा म्हणेल.

ती हसली नाही. तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं, डबा खाटेपासून लांब, दाराबाहेर नेऊन ठेवला, नळावर हात धुतले आणि परत येऊन माझ्याशेजारी बसली.

"मंग एवराच सांगाचा व्हता ना, ताई," ती म्हणाली.