मामाची रेकॉर्ड

ओल्या घोंगडीचा वास आला की मला मामाची न निघालेली रेकॉर्ड आठवते. मामा गाणी रचायचा, चाली लावायचा, तबल्याऐवजी हंडे बडवायचा. एकदा रेकॉर्डवाला साहेब सोलापुरात एका मैदानावर त्याचं गाणं ऐकायला आला. पसंत पडलं तर रेकॉर्ड निघणार होती. मामाने गाण्यात मेंढरं बोलवायची हाळी घातली होती, पण मैदानापलीकडे मेंढरांचा बाजार भरलाय, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. पहिल्याच हाळीला सकाळच्या पावसात भिजलेला सगळा कळप धावत आला. साहेब खुर्चीवर चढला. मामी ओरडली, "अवो, बास करा की!" मामा म्हणाला, "गप गं, आजून दोन कडवी हायत." साहेब तसाच स्टेशनावर पळाला. मेंढरं मात्र थांबली. मामाचं अख्खं गाणं ऐकून घेणारं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.