भाजलेली माती

तलासरीच्या ज्या कॉलेजात माझी ताई प्राणिशास्त्र शिकवते, तिथे सूक्ष्मदर्शक एकच आहे. मे महिन्यात प्राचार्यांनी तो संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात पाठवायचं ठरवलं. वर्षभर कुणी वापरलेला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ताई म्हणाली, वापरायला जिवंत काही हवं. मग त्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. काचेखाली काही हलताना दिसलं तर यंत्र राहील.

तिने एका बरणीत एकपेशीय जीव वाढवले होते. सुट्टीत बरणीतलं पाणी आटलं, आणि साफसफाईत कुणीतरी ती घासून चकचकीत करून ठेवली.

"तळीही आटलीत," मी म्हणालो.

"तळं कशाला हवं? कोरडी माती बास."

तेव्हा तिने मला कोल्पोडाबद्दल सांगितलं. मातीतला हा एकपेशीय जीव अंगावरच्या बारीक केसांनी पोहतो. पाणी किंवा अन्न संपायला लागलं की तो थांबतो आणि गोल होतो. केस आत विरघळवतो, अंगातलं पाणी बाहेर टाकतो आणि स्वतःभोवती थरांचं कवच बांधतो. या अवस्थेला सिस्ट म्हणतात. आतले व्यवहार जवळजवळ बंद पडतात. असा तो कोरड्या मातीत वर्षानुवर्षं राहू शकतो. पुन्हा पाणी मिळालं की काही तासांत कवच फोडून बाहेर येतो.

नरपडला आमची भातशेती काका बघतात. ताईने त्यांच्याकडे माती मागितली. त्यांनी पिशवी भरून दिली, काळी, भुसभुशीत, चाळून घेतल्यासारखी. तलासरीला जाऊन ताईने जीवांना खाद्य तयार व्हावं म्हणून पेंढा उकळला, ते पाणी गार केलं आणि त्यात माती भिजवली. दुसऱ्या दिवशी स्लाइडवर काहीच हललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

प्राचार्य डोकावून गेले. "बाई, तुमचे प्राणी अजून सुट्टीवरच आहेत वाटतं."

"रुजू होतील, सर," ताई म्हणाली आणि स्लाइड धुवायला घेतली.

त्या संध्याकाळी ती नरपडला आली. चप्पलही न काढता तिने अंगणातूनच विचारलं, "काका, माती कुठली दिली होती?"

"राबाची. कॉलेजला द्यायची तर चांगलीच द्यायला नको?"

भाताचं रोप करायच्या तुकड्यावर आमच्याकडे शेण, पाला आणि फांद्या पसरून पेरणीआधी तो भाजतात. त्याला राब म्हणतात. तणाचं बी जळतं, माती मोकळी होते. काकांच्या लेखी शेतात त्याहून चांगली माती नाही. म्हणून त्यांनी भाजलेल्या थराची वरची माती काढून दिली होती.

ताई पायरीवर बसली. "सिस्ट ऊन सोसते, दुष्काळ सोसते. तुमची आग नाही सोसली तिने."

"मला काय माहीत, तुला कचऱ्याची माती हवी होती ते," काका म्हणाले.

ती उठली, खुरपं घेतलं आणि अंधार पडायच्या आत बांधाकडेची न भाजलेली माती स्वतः खणून आणली. ढेकळं होती, पेंढ्याचे तुकडे होते, मुळं होती. काकांना ती पिशवी बघवेना.

गुरुवारी तिने ती भिजवली. शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. "आलेत," एवढंच म्हणाली.

शनिवारी मी तिथे होतो. प्राचार्यांनी चष्मा काढला आणि डोळा लावला. मग म्हणाले, "एकाच्या मागे एक पळतायत. शेंगदाण्यासारखे."

"मूत्रपिंडासारखे म्हणतो आम्ही," ताई म्हणाली.

सूक्ष्मदर्शक परत कपाटात गेला. किल्ली ताईने स्वतःच्या पर्समध्ये टाकली. प्राचार्यांनी ती मागितली नाही.

रात्री जेवताना तिने काकांना सांगितलं, पुढच्या वर्षी राब भाजताना एक कोपरा सोडायचा.

"एवढ्याशा जीवासाठी मी राब कच्चा ठेवू?"

"सगळा नको. हातभर पुरे."

काकांनी ताटावरून मान वर केली नाही. "कुठला कोपरा ते तूच दाखव," ते म्हणाले. "मी निवडला तर परत चांगलाच निवडेन."