गावातली पहिली विहीर

जुन्या हुबळीतल्या एका बाइंडरकडे मी शाळेची पुस्तकं बांधायला नेतो. हातात सुई-दोरा असला, तरी तोंडी त्याचं कारवारकडचं समुद्राकाठचं चिमुकलं गावच असतं. ते गाव कसं वसलं, हे तो कित्येक वर्षं एका वहीत लिहितोय. गाव आपल्या खापरपणजोबांनी वसवलं, असं पहिल्याच पानावर होतं.

परवा मी तिथं असताना एक म्हातारी पोथी बांधून घ्यायला आली. ती नेमकी त्याच गावची निघाली. त्यानं हौसेनं पहिलं पान वाचून दाखवलं.

"छे! आधी आमची खापरपणजी आली," ती म्हणाली. "गोड्या पाण्याची विहीर तिनं खणली. तुमचे लोक मागनं होडीतून आले, पाणी मागत."

मला वाटलं, आता हा चिडणार. पण त्यानं टुणकन उठून त्या पानावर काट मारली.

"अक्का, बसा की! तिचं नाव सांगा, सगळं सांगा!"

ती सांगत गेली, तसं तो भराभर लिहून घेत गेला.

ती गेल्यावर मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाईट कसलं, अण्णा? त्या खापरपणजीनं पाणी दिलं म्हणून आमचे तिथं राहिले. हे मला आजवर ठाऊकच नव्हतं!"