चुकीच्या फाट्यावरचं दगडांचं घर

देवावर मी रागावले होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आमच्या कोडोलीत माघातल्या पाच रविवारी अनवाणी चालत जोतिबाचा डोंगर चढतात, त्याला आम्ही खेटे घालणं म्हणतो. तीन वर्षं मी खेटे घातले आणि दरवेळी एकच मागितलं, फ्रान्सला नोकरीला गेलेली लेक परत कोल्हापुरात येऊ दे. डोंगराच्या पायवाटेकडेला बाया चपटे दगड एकावर एक रचतात. ज्याला घर पाहिजे त्यानं देवाच्या वाटेवर दगडांचं घर बांधायचं आणि हात जोडायचे, अशी रीत आहे. मीही लेकीच्या नावानं दरवर्षी तसं घर बांधत होते. तिसऱ्या वर्षीचे खेटे संपले आणि तिचा फोन आला, "आई, मला इथं कायमची नोकरी देत्यात. अजून व्हय म्हणाले न्हाय. तुम्ही दोघं या, मग ठरवू." फोन ठेवून मी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "वा रं देवा! पायाची सालटी निघाली, त्याचं हे फळ व्हय?"

तिला समजावून परत आणायचं, एवढंच मनात धरून मी विमानात बसले. आमचे हे मात्र खुशीत होते. जन्मभर गोठा आणि डेअरी यापलीकडं न गेलेला माणूस, त्यात दोन वेळा पोटात इन्सुलिनची सुई. पण खिडकीला नाक लावून बसले होते. लेकीनं आमच्यासाठी चार दिवसांची पायी वाट ठरवली होती. म्हणाली, "तुला डोंगराची सवय हाय, गाडीत बसून काय बघणार?" तिकडं डोंगरातनं, शेतांतनं अशा जुन्या वाटा गेल्या आहेत. शेकडो वर्षं देवाला जाणारी माणसं त्यावरनं चालत आली. अजूनही कितीतरी जण पाठीच्या पिशवीला शिंपला अडकवून जातात, ती यात्रेकरूची खूण. झाडांवर, भिंतींवर लाल-पांढरे पट्टे मारलेले असतात. पहिल्या दगडावर तो लाल रंग बघून मला शेंदूरच वाटला, मी वाकून हात लावला. लेक खो खो हसली. "आई, ती वाटंची खूण हाय गं!"

गावं मात्र बघतच राहावीत अशी होती. टेकडीवर दगडी वेस, आत माणूसभर रुंदीचे बोळ, घरांवर दगडी फरश्यांचीच छपरं, चौकात पाण्याचं कुंड. पन्हाळ्याच्या दरवाजातनं आत जाताना जसं अंग थंड पडतं, तसंच तिथं वाटायचं. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस मान लववून नमस्कार करायचा. मला सगळं आवडत होतं आणि आवडतंय म्हणून जास्तच राग येत होता. प्रत्येक चढाला मी लेकीच्या मागं लागायची, "पोरी, परत चल की. तुझं इथं कोण हाय?" ती दोन दिवस ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणाली, "आई, मला इथं बरं वाटतंय, हे तुला दिसतंय का?" मी तोंड फिरवलं. दिसत होतं, म्हणूनच फिरवलं.

त्याच दिवशी आम्ही उघड्या माळावर आलो. झाडं नाहीत, नुसतं गवत आणि दगड. मुक्कामाच्या घराची किल्ली देणारी बाई दुपारी निघून जाते म्हणून लेक झपाझपा पुढं गेली. माझा गुडघा दुखत होता, म्हणून खाऊची पिशवीही तिनंच पाठीवर घेतली. "फाट्यावर थांबा, मी परत येते," असं बजावून ती गेली. आम्ही फाट्यावर पोचलो, आणि बघते तर उजव्या वाटेच्या तोंडाशी रचलेले दगड! थोडे ढासळलेले, पण आमच्या जोतिबाच्या वाटेवर असतात अगदी तसे. मला भरूनच आलं. अगं बया, म्हटलं, इथल्या बायाबी घर मागत्यात की!

डाव्या वाटेनं खालून गाईंच्या घंटांचा आवाज येत होता. "जरा जनावरं बघून येतो," म्हणत हे तिकडं उतरले. गाई म्हटल्यावर ह्यांना कोण अडवणार? मी डाव्या वाटेच्या तोंडाशी एक सपाट जागा बघितली. इकडचे तिकडचे दगड आणले, त्या ढासळलेल्या घराचे खाली पडलेलेही आणले, आणि कमरेएवढं घर रचलं. इतकं उंच मी कधी रचलं नव्हतं. हात जोडून म्हणाले, "देवा, शेवटचं मागते. लेक घरी येऊ दे."

मग ह्यांच्या मागं उतरले. तोवर धुकं खाली आलं होतं. हे दगडी बांधाला टेकून बसले होते. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते आणि बोलणं जड झालेलं. मी ओळखलं, साखर उतरली. सकाळी सुई घेतली आणि "हा कसला पाव, लाकूड हाय लाकूड," म्हणून अर्धी न्याहारी तशीच टाकली होती. माझा हात खांद्याकडं गेला. पिशवी नव्हती. राजगिऱ्याचे लाडू, गुळाचे खडे, सगळं लेकीच्या पाठीवर. माझ्या बटव्यात जोतिबाचा गुलाल आणि अंगारा, एवढंच. फोनला रेंज नाही. ह्यांना सोडून जावं तर धुक्यात परत सापडतील का? मी ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळाला गुलाल लावला आणि खरं सांगते, भांडले. "मी लेक मागाय आले आणि तू माझं कुकू न्यायला बसलास व्हय रं? काय मागत न्हाय मी आता. तुला काय करायचं ते कर, पर ह्यांना राख." मग परक्या भाषेतला एक शब्दही आठवेना, तेव्हा तोंडाला आलं तेच बेंबीच्या देठापासून ओरडले, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

दोन-तीनदा ओरडले असेन. तेवढ्यात धुक्यातनं काठ्यांची टकटक आली. माझ्याएवढ्याच वयाची एक उंच बाई दोन्ही हातांत काठ्या घेऊन उतरत होती. तिनं ह्यांच्याकडं एकदा बघितलं आणि गुडघ्यावर बसली. खिशातनं कागदात गुंडाळलेले साखरेचे खडे काढले, एक-एक करून ह्यांच्या तोंडात दिले. मी तिच्याकडं बघतच राहिले. तिनं बाही वर केली. दंडावर साखर मोजायचं बटण चिकटवलेलं होतं. तिलाही ह्यांचाच आजार. पंधराएक मिनिटांनी हे डोळे नीट उघडून म्हणाले, "अगं, गाई लई चांगल्या हैत." मी रडत रडत म्हणाले, "जळ्ळं तुमचं गाईंचं वेड!"

लेक धापा टाकत आली. माळावर चांगभलं कोण ओरडणार, आई सोडून, असं म्हणत आवाजाच्या रोखानं ती पळत सुटली होती. त्या बाईशी बोलून तिनं मला सांगितलं, "ह्या म्हणत्यात, त्यांची वाट ही नव्हंच. वर फाट्यावर दगड रचल्यात ते बघून त्या खाली उतरल्या. धुक्यात इथली माणसं रचलेल्या दगडांवरच वाट ओळखत्यात. कुणा येड्यानं चुकीच्या वाटंवर रचल्यात, पाडाय पाहिजेत म्हणत्यात."

माझा चेहरा उतरला. म्हटलं, "पोरी, ती येडी मीच हाय." लेकीनं सांगितल्यावर ती बाई आधी डोळे मोठे करून बघत राहिली, मग माझे दोन्ही हात धरून हसली.

सगळे वर फाट्यावर आलो. मी एकेक दगड उतरवायला लागले. लेक मदतीला वाकली आणि हळूच म्हणाली, "काय मागितलं होतंस, आई?" मी खोटं बोलले नाही. "तू परत यावंस म्हणून." तिचे डोळे भरले. माझेही भरले. शेवटचा दगड उचलताना हात थबकला, पण उचलला. देवानं माझं घर वापरून एका बाईची वाट चुकवली होती आणि ह्यांना माझ्या पदरात परत टाकलं होतं. ते घर तिथंच ठेवून आणखी कुणाकुणाची वाट मी चुकवणार होते? ते दगड आम्ही दोघींनी उजव्या वाटेवर नेले आणि तिथली ढासळलेली खूण नीट उभी केली. मग मीच म्हणाले, "त्या नोकरीला व्हय म्हणून टाक, पोरी."

लेक तिकडंच आहे. दर रविवारी फोन करते, आधी आण्णांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, न्याहारी केली का विचारते, मग माझी चौकशी. मी यंदाही माघात डोंगर चढले, अनवाणीच. काही मागायचं नव्हतं, आभार मानायचे होते. पायवाटेकडेला दगड रचत बसलेली एक तरुण पोर म्हणाली, "मावशी, तुम्ही न्हाय व्हय घर बांधत?"

"बांधलंय की," मी म्हणाले. "लेकीच्या गावाकडं हाय. धुकं पडलं की लोकांस्नी वाट दावतंय."