मेळाव्यातली ड्रायव्हरबाई

मला आमच्या साबणसाहेबाची किळस येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई उगाच तापते. रेल्वेत यायच्या आधी हा गृहस्थ साबणाच्या कंपनीत होता. डेपोचा मुख्य होऊन आला आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या कँटीनच्या भिंतीवर त्याने ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं रंगवून घेतलं. कुटुंब म्हणे! स्वतःचा उष्टा कप कधी उचलून ठेवला नाही मेल्याने.

पण ही गोष्ट त्याची नाही, माझ्या नणंदेची. घरात आम्ही तिला शिट्टी म्हणतो, कारण लहानपणी दोन बोटं तोंडात घालून ती अख्खी गल्ली गोळा करायची. यंत्रांचं शिकली आणि एक दिवस म्हणाली, मी आगगाडी चालवणार. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. माझा नवरा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, म्हणाला, “हिला साधी सायकल भिंतीला लावता येत नाही.” तिने कुणाला भीक घातली नाही. परीक्षा दिल्या, डोळ्यांच्या तपासण्या दिल्या, जुन्या ड्रायव्हरांच्या शेजारी शिकाऊ म्हणून वर्षं काढली. त्यातले काहीजण तर तिच्याशी बोलायचेही नाहीत. शेवटी डोंगरातून जाणारी पॅसेंजर तिच्या हाती आली. त्या दिवशी ड्यूटीवरून सरळ कँटीनमध्ये आली आणि म्हणाली, “वहिनी, ब्रेक कुठे लावायचा ते आता पोटातच कळतं.” मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून मीच रडले.

साबणसाहेब आला तेव्हा डेपोत ड्रायव्हरांचा दुष्काळ होता. जुने लोक निवृत्त होत होते आणि नवी मुलं फिरकत नव्हती. अवेळी ड्यूट्या, परक्या गावात झोपणं, हवंय कुणाला? मग साहेबाच्या सुपीक डोक्यातून निघालं की मुलींची भरती करायची. कल्पना वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू? पण मुलींसाठी कपडे बदलायला खोली करा, मुक्कामाच्या खोलीला धड कडी लावा, ते नाही. त्याने फक्त एक चेहरा शोधला, शिट्टीचा.

झालं, मेळावे सुरू झाले. आज या कॉलेजात, उद्या त्या सभागृहात. इस्त्रीचा गणवेश घालून शिट्टीने उभं राहायचं आणि ‘मी करू शकते, तर तुम्हीही’ म्हणायचं. मग साहेब नेतृत्वावर बोलणार. मी एकदा मुद्दाम ऐकायला गेले. माणूस बोलतोय, बोलतोय, बोलतोय, आणि त्या सगळ्यात गाडीचं नाव नाही. शी!

शिट्टी परत आली की विचारायची, “साहेब, माझी गाडी?”

“अहो, गाडी काय पळून चाललीय? एवढा एकच मेळावा.”

एकाचे किती झाले कुणास ठाऊक. पगार पूर्ण मिळत होता, वर भत्ता. सासूबाई खूश होत्या, पोरगी सावलीत आहे म्हणून. धुसफुसत होते ती मी एकटीच. माझं कोण ऐकतो! मी आपली भांडी आपटायची.

आता एक नियम सांगते. एखाद्या मार्गावर ड्रायव्हरने सहा महिने गाडी नेली नाही, तर त्या मार्गाचा त्याचा परवाना आपोआप संपतो. उतार, वळणं, सिग्नल, सगळं परत शिकायचं, शेजारच्या सीटवर बसून. नियम बरोबरच आहे, मागे डब्यांत माणसं असतात. शिट्टीला तो पाठ होता. तिने साहेबाला आठवण करून दिली. ड्यूट्या लावणाऱ्या बाबूच्या तर हातापाया पडली, एक फेरी तरी द्या म्हणून. बाबू खाली मान घालून म्हणाला, “तुम्हाला मेळाव्यांसाठी मोकळं ठेवायला सांगितलंय, ताई. मी काय करू?”

आणि परवाना गेला. साहेबाने तिला बोलावून भरती विभागात टेबल देऊ केलं. मी तेव्हा चहा घेऊन तिथेच उभी होते. पगार जास्त, आणि गाडी कधीच नाही.

“तुम्ही आता ड्रायव्हरच्या पुढे गेलात,” साहेब म्हणाला. “याला म्हणतात करिअर!”

शिट्टीने विचारलं, “आणि मला गाडीच हवी असेल तर?”

“मग शिकाऊ. पगार शिकाऊचा, नंबर सगळ्यांच्या खाली. नियम आहे, माझ्या हातात काय आहे? घरच्यांशी बोला, विचार करा.”

“केला,” ती म्हणाली. “उद्या कुणाच्या गाडीवर येऊ?”

तो गरमागरम चहा त्याच्या टकलावर ओतायचा मोह मी कसा आवरला, माझं मला माहीत. घरी तर रणकंदन झालं. सासूबाईंनी बोलणं टाकलं. नवरा म्हणाला, “चालून आलेलं सोनं लाथाडलंस.” शिट्टी गणवेशाची बटणं शिवत बसली.

सकाळी तिचा डबा द्यायचं निमित्त करून मी फलाटावर गेले. पॅसेंजर लागली होती. ड्रायव्हरच्या सीटवर पिकल्या मिशांचे एक काका होते. आणि बघते तर काय, इंजिनाच्या दारात साबणसाहेब! सोबत फोटोवाला. अनुभवी बाई पुन्हा शिकतेय, काय तिची जिद्द, असलं काहीतरी त्याला छापून आणायचं होतं.

“तुम्ही जरा उठा हो,” तो काकांना म्हणाला. “ताई, तुम्ही बसा तिथे. हँडलवर हात ठेवा, हसा. दोनच मिनिटं.”

गाडी चालवायला ती सीट तिची नाही, फोटोला आहे! ज्याने ती काढून घेतली, तोच ती दोन मिनिटं उसनी देत होता, आणि वर उपकार केल्यासारखा हसत होता निर्लज्ज.

काका अर्धवट उठले. शिट्टीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

“साहेब, तिथे बसायचा माझा परवाना संपलाय.”

“अहो, गाडी उभी आहे! फोटोपुरतं!”

“फोटोपुरतंच चाललं होतं इतके दिवस,” ती म्हणाली. “आता उतरा. गाडी सुटायची वेळ झालीय.”

साहेब उतरला. फोटोवाल्याने कॅमेरा पिशवीत घातला. शिट्टी शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, “काका, पहिल्या वळणाला वेग किती ठेवायचा?”

ते वळण तिने कितीदा घेतलं होतं, काकांना ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. काका तिच्याकडे न बघता, समोर रुळांकडे बघत, नव्या शिकाऊला सांगावं तसं सगळं पहिल्यापासून सांगू लागले.