वास नसलेली जुडी

माझ्या सासूबाईंना सगळा बाजार दवणामावशी म्हणायचा. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही विकलंच नाही. सूपात आणि मटणात घालायला रानदवणा, अर्कवाल्याच्या कडू पेयासाठी कडूदवणा, आणि लोणच्याच्या बरणीत टाकायला बडीशेपेच्या वासाचा एक बारीक पानांचा. बाजारामागच्या खाणावळीचा आचारी तर म्हणायचा, "मावशींचं नाक मला उसनं मिळालं तर मी राजा होईन!"

हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांना ताप आला. ताप गेला, खोकला गेला, पण वास गेला तो परत आलाच नाही. हे मला ठाऊक नव्हतं. एवढंच दिसायचं की दूध करपलं तरी त्या शेजारी बसून खुशाल पानं निवडतायत. एकदा मी हटकलं, तर उलट मलाच म्हणाल्या, "तुझं लक्ष कुठं होतं?" सासूबाईंच्या नाकाबद्दल शंका घ्यायची माझी काय टाप!

थंडी ओसरल्यावर ओढ्याकाठी रानदवण्याला कोवळे कोंब फुटतात. तिथंच, जरा सावलीत, बचनागही फुटतो. दोन्हींची कोवळी पानं सारखीच कातरलेली. रानदवण्याच्या पानाची पाठ पांढुरकी, लवदार असते आणि पान चुरगळलं की घमघमतं. बचनागाच्या पानाची पाठ हिरवी, तुळतुळीत. त्याला दवण्याचा वास नाही. पोटात थोडा गेला तरी काळीज थांबवतो.

त्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. त्यांनी ओली पानं भराभर खुडली, बारा जुड्या बांधल्या आणि ओढ्यावरून परस्पर बाजार गाठला. दहा वाजता उरलेल्या दोन जुड्या घेऊन घरी आल्या. घरच्या सूपासाठी मी त्यातली एक उचलली आणि सवयीनं चार पानं तळहातावर चोळली.

"आई, ह्याला वास नाही."

"धुतल्यावर कमी होतो."

"अजून धुतलीच नाही."

त्या उठून आल्या. एक पान एप्रनला कोरडं पुसलं, खिडकीपाशी नेऊन उलटं केलं. पाठ हिरवी होती. त्यांनी ते नाकाशी नेलं, आणि हात तसाच खाली आला.

"मला काही कळत नाही गं. चार महिने झाले."

ओरडावंसं वाटलं, पण ती वेळ नव्हती. "बाकीच्या कुणाकुणाला दिल्या?"

"सात आचाऱ्याला, दोन अर्कवाल्याला. एक... एका बाईला. ओळखीची नव्हती."

अर्कवाल्याला फोन लागला. "पाटीत तशाच पडल्यात, हात लावत नाही," तो म्हणाला. आचारी मात्र उचलेना. साडेअकराला त्याची पहिली पंगत बसायची. मी चपला घातल्या. "तुमचा गुडघा दुखतो, तुम्ही थांबा."

"सांगायचं मला आहे," त्या म्हणाल्या, आणि उरलेली जुडी पिशवीत टाकून निघाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा भलंमोठं पातेलं रटरटत होतं. हिरवा चुरा वर तरंगत होता.

"ते ओतून दे," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "दवण्यात बचनाग आलाय."

आचारी हसला. "तुमच्या हातची जुडी आणि चुकीची? सकाळी सकाळी थट्टा करता काय!"

भांडी घासणाऱ्या बाया आणि वाढपी, सगळे बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "माझं नाक गेलंय. मी लपवलं. ओत ते."

त्याचं हसू मावळलं. "कुणाला वाढलंय का रे?" तो ओरडला.

"एक वाटी गेली! खिडकीपाशी!" वाढपी म्हणाला आणि धावला. एक बसड्रायव्हर चमच्यावर फुंकर घालत होता. वाढप्यानं त्याच्या हातातून चमचा अक्षरशः हिसकावला. सूप टेबलभर सांडलं, ड्रायव्हर शिव्या देत उठला. पण त्यानं घोटही घेतला नव्हता.

राहिली ती बाई. "काही आठवतं का तिचं?" मी विचारलं.

"गळ्यात मापाची टेप होती. म्हणाली, सासऱ्यांना जेवण जात नाही, भूक लागेल असं कडू काहीतरी द्या."

म्हणजे शिलाईवाली. बाजारात अशी दोन दुकानं. पहिल्यात पुरुषच मशीनवर होता. त्यानं दुसऱ्या दुकानवालीचं घर दाखवलं, तिसरा मजला. सासूबाई कठडा धरधरून चढल्या. दार उघडलं ते टेपवालीनंच. आत म्हातारेबुवा टेबलाशी बसले होते, पुढ्यात अर्धी रिकामी वाटी.

"ओठ बधिर झालेत," ते सुनेला सांगत होते. "मुंग्या आल्यासारखं होतंय."

"गाडी बोलवा," सासूबाई म्हणाल्या. "ते विष आहे. मीच विकलंय."

बाईच्या हातातून झाकण पडलं. तिनं स्वतः अजून काही खाल्लं नव्हतं, एवढंच नशीब.

दवाखान्यात सासूबाईंनी पिशवीतली जुडी डॉक्टरांपुढं ठेवली, त्यामुळं शोधाशोधीत वेळ गेला नाही. तरी म्हाताऱ्यांच्या काळजाचे ठोके दोनदा पार बिघडले. शिलाईवाली बाहेर येऊन म्हणाली, "तुम्ही इथं बसू नका." सासूबाई बाकावरून उठल्या आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. घरी काही आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, "निभावलं." तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

तक्रार झाली. त्यांनी जबाबात काही झाकलं नाही. नंतर आठवडाभर त्या बाजारातल्या आपल्या जागी रिकामी टोपली घेऊन उभ्या राहिल्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाला काय घडलं ते स्वतःच्या तोंडानं सांगत राहिल्या. कुणी हळहळलं, कुणी वाट्टेल ते बोललं. मी शेजारी उभी असायचे. मलाही चार महिने घरात सगळं दिसत होतंच की.

आचाऱ्यानं दोन महिने आमच्याकडून काही घेतलं नाही. मग एक दिवस मला म्हणाला, "प्रत्येक जुडी तू चोळून बघणार असशील तर आण." आता ओढ्यावर आम्ही दोघी जातो. त्या उन्हातल्या जागा दाखवतात, खुडते मी. घरी आल्यावर एकेक काडी माझ्या नाकाखालून जाते.

म्हातारेबुवा परवा रस्त्यात दिसले, काठी टेकत चालले होते. त्यांनी मान हलवली. त्यांची सून मात्र आम्हाला बघून पलीकडच्या बाजूला गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत सासूबाई तिथंच उभ्या राहिल्या.