ओट्यापर्यंत सात पावलं

नकाशामावशींच्या घरात कोणतीही वस्तू शोधावी लागत नसे. पलंगापासून ओट्यापर्यंत सात पावलं, ओट्यापासून माठापर्यंत तीन, माठापासून मागच्या दारापर्यंत पाच. काड्यापेटी शेगडीच्या डावीकडे, एका वितीवर. ही अंतरं त्यांनी मला कधी सांगितली नाहीत. माधव नगरातल्या त्यांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि एका दैनिकात बातमीदार होतो. मोजण्याची सवय कामातून लागली होती. मावशी घरात चालत तेव्हा संथ पाण्यातून चालल्यासारख्या वाटत. त्यांना जवळजवळ दिसत नाही, हे माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले.

सिंचन खात्यात त्या तीस वर्षं ट्रेसर होत्या. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा त्या मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर शाईने उतरवत. खात्यात कॉम्प्युटर आला आणि त्या निवृत्त झाल्या. पुढे काचबिंदूने कडेचं सगळं नेलं. समोर एक गोल, धुकट खिडकी तेवढी उरली. तिच्यातून त्या दुपारभर आवारातल्या कडुलिंबाकडे बघत बसत. पान दिसत नसे. हिरवं हलताना दिसे. "बिल्कुल पुरतं तेवढं," असं म्हणत.

कामातलं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे. "कागदावर सगळं सपाट दिसतं, भैया. ज्याची जमीन, त्याला आधी विचारावं." एकदा साहेबांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी कालव्याची रेघ ओढली आणि ती एका शेतकऱ्याच्या विहिरीवरून गेली होती. तो माणूस विहीर सांगायला तीन दिवस ऑफिसच्या व्हरांड्यात बसून होता. त्याला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मीही विचारलं नाही. एका सकाळी त्यांनी कपात दूध ओतलं, कप भरला, तरी धार चालूच राहिली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून पुण्याला त्यांच्या मुलाला, शरदला, फोन केला. आपण योग्य तेच करतो आहोत, याबद्दल मला शंका नव्हती.

शरद चौथ्या दिवशी बायकोसह आला. नव्या खाजगी कंपनीतली नोकरी, चार दिवसांची रजा. दोघांनी मनापासून घर आवरलं. माठ कोपऱ्यात सरकवला, मध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, डबे नव्या रॅकवर उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या दिवशी मावशी त्या स्टुलाला अडखळून पडल्या. गुडघा सुजला. शरदला हवा तो पुरावा मिळाला.

"आई, आता जिद नको. पुण्याला चल. इथे तुला काही झालं तर?"

"त्यांना तिकडे करमेल का, ते बघा आधी," सून नवऱ्याला म्हणाली.

"करमेल हो. टीव्ही आहे, केबल आहे. आईला मागची खोली देऊ."

मावशी दोघांच्या मध्येच बसल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घर हललं, शरद. मी नाही हलले." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे, पेपरवाल्या? बातमी माझी, आणि मला न विचारताच छापलीस?" आवाज चढलेला नव्हता.

त्या दुपारी त्यांनी लंगडत सगळं जागेवर आणलं. आम्ही पुढे झालो तर म्हणाल्या, "हात लावाल तर बघा." डब्यांचा क्रम लावताना त्या प्रत्येक डबा हलवून त्याचा आवाज ऐकत होत्या.

साडेसातला नेहमीप्रमाणे लाइट गेली. उन्हाळ्याचे दिवस, खिडकीत वारा नव्हता. शरद मेणबत्ती शोधायला उठला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. सून जागची हलली नाही. अंधारात मावशींची पावलं मात्र ऐकू आली: सात, मग तीन, मग परत तीन. काडी ओढल्याचा आवाज झाला आणि शेगडीची निळी फुलं उमलली. त्या उजेडात त्यांचे हात तेवढे दिसत होते. भांड्यात पाणी, साखर, आलं. कप भरताना त्यांनी कडेच्या आत बोटाचं टोक धरलं होतं. चहा बोटाला लागला की धार थांबे. त्या सकाळच्या दुधानंतर त्यांनी ही युक्ती स्वतःच काढली होती. चार कप आले. एक थेंब सांडला नाही.

"साखर कमी तर नाही ना झाली?" त्यांनी विचारलं.

शरदने एक घोट घेतला. मग शरद म्हणाला, "नाही, आई. ठीक आहे." रजा संपल्यावर ती दोघं गेली. रॅक सुनेने परत नेला.

मावशी त्या घरात आणखी चार वर्षं एकट्या राहिल्या. मग एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. "आता पावलंच चुकायला लागली, भैया. घर आहे तिथेच आहे." त्या हसत होत्या. "बूथवर घेऊन चल. शरदशी बोलणार मी."

फोनवर त्यांनी तारीख सांगितली. गाडी सांगितली. मागची नाही, रस्त्याकडची खोली पाहिजे, हेही सांगितलं.

शरद न्यायला आला. स्टेशनवर सकाळचं धुकं होतं; त्यात इतरांनाही मावशींइतकंच धूसर दिसत होतं. गाडी लागली. डब्याची पायरी फलाटापासून बरीच उंच होती. शरदने त्यांच्या दंडाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"आई, धरू का हात?"

त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली. "धर," म्हणाल्या.